खपाखाली दबलेलं साप्ताहिक : ‘लाइफ’ का बंद पडलं

८ डिसेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाहीर झालं, की ‘लाइफ’ हे अमेरिकेतलं सचित्र साप्ताहिक वर्षअखेरीला बंद होत आहे. २९ डिसेंबरचा, वर्षभरातल्या छायाचित्रांचा अंक हा शेवटचा. शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. छत्तीस वर्षं दर आठवड्याला निघालेल्या या साप्ताहिकाचा त्या वेळचा खप होता ५५ लाख प्रती.

हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. बंद पडलेलं मासिक किंवा साप्ताहिक म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं: घटत गेलेले वर्गणीदार, गोदामात साचलेले परतीचे अंक, छापखान्याची थकलेली बिलं. ‘लाइफ’च्या बाबतीत हे चित्र लागू पडत नाही. पत्ते नोंदवलेले वर्गणीदार लाखोंनी होते. मालक असलेली टाइम कंपनी श्रीमंत होती, तिची दुसरी साप्ताहिकं उत्तम चालत होती. तरीही शेवटच्या चार वर्षांत ‘लाइफ’नं सुमारे ३ कोटी डॉलर गमावले होते.

इतके वाचक असताना साप्ताहिक का मरतं, हा प्रश्न नियतकालिकांच्या धंद्यात काम करणाऱ्यानं एकदा तरी नीट सोडवून पाहायला हवा. ‘टेलिव्हिजन आलं आणि सचित्र साप्ताहिकं गेली’ हे त्याचं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण मला ते फार अपुरं वाटतं. ‘लाइफ’ ज्या दुखण्यानं गेलं ते त्याला जन्मापासून होतं, आणि जन्मानंतर काही महिन्यांतच त्या दुखण्यानं एकदा त्याचा जीव घ्यायची वेळ आणली होती.

तीन खिसे

अंकाचे पैसे कोण देतं? वाचक देतो, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या मोठ्या साप्ताहिकांच्या बाबतीत विसाव्या शतकात पैसे तीन खिशांतून येत होते.

पहिला खिसा वाचकाचा. तो स्टॉलवर नाणं टाकून अंक घेई किंवा वर्षाची वर्गणी भरी. दुसरा खिसा जाहिरातदाराचा, आणि तो सगळ्यांत मोठा. तिसऱ्या खिशाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तो सरकारी टपालखात्याचा. १८७९ च्या कायद्यानं अमेरिकेत वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं यांच्यासाठी टपालाचा एक वेगळा, स्वस्त वर्ग ठरवून दिला होता. माहिती सर्वदूर पोचावी हे देशाचं काम आहे, अशी त्यामागची धारणा. त्यामुळे अंक घरपोच करण्याचा खरा खर्च आणि प्रकाशक भरत असलेला दर यांत जे अंतर राही, ते सरकारी तिजोरी सोसत असे.

दुसऱ्या खिशाची रीत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. जाहिरातदार पान विकत घेतो म्हणजे खरं तर त्या पानावर पडणारी नजर विकत घेतो. म्हणून पानाचा दर सांगताना प्रकाशक एका खपाची हमी देतो: आमच्या किमान इतक्या प्रती जातील. जाहिरातदार दराला त्या खपानं भागतो आणि हजार प्रतींमागे आपल्याला काय पडतं ते पाहतो. दूरचित्रवाणी, रेडिओ, वर्तमानपत्र या सगळ्यांची तुलना तो याच हजारी दरानं करतो. हमीपेक्षा खप कमी भरला, तर प्रकाशकाला पैसे परत करावे लागतात किंवा भरपाई द्यावी लागते. प्रकाशक आकडे फुगवून सांगत म्हणूनच १९१४ साली अमेरिकेत खपाची तपासणी करणारी संस्था, ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स, उभी राहिली.

हमीपेक्षा खप जास्त भरला तर? जादा प्रतींचे जाहिरातदार काहीही देत नाही. दर आधीच ठरलेला असतो. कागद, शाई, बांधणी, टपाल यांचा खर्च मात्र प्रत्येक जादा प्रतीवर होतच राहतो. वाचकाकडून मिळणारी रक्कम त्या खर्चापेक्षा कमी असेल, तर आनंदानं अंक विकत घेणारा प्रत्येक नवा वाचक प्रकाशकाला थोडं आणखी खोल ढकलतो.

१९३६ : यशाचा पहिला फटका

हेन्री ल्यूस यांनी १९२३ मध्ये ब्रिटन हॅडन यांच्यासोबत ‘टाइम’ काढलं होतं, १९३० मध्ये ‘फॉर्च्युन’. फक्त छायाचित्रांनी आठवड्याची गोष्ट सांगणारं साप्ताहिक काढायचं त्यांच्या मनात होतं. ‘लाइफ’ हे नाव त्यांना इतकं हवं होतं, की त्या नावानं १८८३ पासून निघणारं एक विनोदी नियतकालिक त्यांनी १९३६ साली ९२ हजार डॉलरना विकत घेतलं, ते केवळ नावासाठी.

असं साप्ताहिक काढण्यातली खरी अडचण छापखान्याची होती. छायाचित्र खुलून दिसायला गुळगुळीत, चकचकीत कागद लागतो. त्या कागदावर शाई लवकर वाळत नाही, आणि वेगानं छापलं तर फासते. आठवड्याच्या आठवड्याला लाखो प्रती काढायच्या तर हा पेच सुटायला हवा होता. शिकागोच्या आर. आर. डॉनेली या छापखान्यानं उष्णतेनं शाई तत्काळ वाळवण्याची पद्धत बसवली, म्हणून ‘लाइफ’ शक्य झालं. संपादकांची आणि छायाचित्रकारांची नावं राहतात. या यंत्रावरच्या माणसांचीही आठवण ठेवली पाहिजे असं मला फार वाटतं.

पहिला अंक २३ नोव्हेंबर १९३६ चा. किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर मोंटानातल्या फोर्ट पेक धरणाचे किल्ल्यासारखे दिसणारे काँक्रीटचे बुरूज, छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट. आत त्या धरणावर राबणाऱ्या मजुरांच्या वसाहतीतलं आयुष्य, त्यांची शनिवारची रात्र. धरणाचे फोटो आणायला पाठवलेल्या बर्क-व्हाइट माणसांचे फोटोही घेऊन आल्या, आणि संपादकांनी तेच पुढे ठेवलं.

जाहिरातदारांना हमी दिली होती अडीच लाख प्रतींची. नव्या साप्ताहिकाला तेवढ्याच झेपतील असा हिशेब होता, आणि त्या खपावर ठरलेल्या दरानं पुढच्या काळाची पानं विकून करार झाले होते. स्टॉलवर मात्र अंक उरेनात. चार महिन्यांत आठवड्याचा खप १० लाखांच्या पुढे गेला.

म्हणजे प्रती छापायच्या चार आणि जाहिरातदाराकडून पैसे घ्यायचे एकीचे. १० सेंटांत तो चकचकीत कागदाचा, मोठ्या आकाराचा अंक निघत नव्हता. विक्रेत्याचा वाटा वजा जाता तर नाहीच नाही. करारांची मुदत संपून नवे दर लागू होईपर्यंत हा खड्डा वाढत राहिला. नफ्यात यायला १९३९ उजाडलं, तोवर सुमारे ५० लाख डॉलर गेले होते. ‘टाइम’ आणि ‘फॉर्च्युन’ची कमाई पाठीशी नसती, तर लोकांनी सर्वाधिक उचलून धरलेलं हे साप्ताहिक त्या लोकांच्याच गर्दीत चिरडून गेलं असतं.

त्या वेळी यावर दोन उपाय होते. अंकाची किंमत वाढवायची, किंवा जाहिरातीचे दर वाढेपर्यंत कळ काढायची. ल्यूस यांनी कळ काढली, आणि ते जिंकले. पुढची तीस वर्षं या विजयाचा धडा म्हणून कंपनीनं काय लक्षात ठेवलं असावं? वाचकाला स्वस्तात द्या, आकडा वाढवा, जाहिरातदार मागून येतो. संकटातून सुटका झाली, पण साप्ताहिकाचा पाया वाचकाच्या पैशावर नाही ही गोष्ट तशीच राहिली.

वाचकाला काय मिळत होतं

हिशेबात पुढे जाण्याआधी इथे थांबायला हवं. नाहीतर ‘लाइफ’ म्हणजे जाहिराती वाहून नेणारी गाडी होती असा समज होईल, आणि तो त्या साप्ताहिकावर अन्याय ठरेल.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये युजीन स्मिथ यांची ‘कंट्री डॉक्टर’ ही छायाचित्रमाला ‘लाइफ’मध्ये आली. कोलोरॅडोतलं क्रेमलिंग हे छोटं गाव, आणि सुमारे ४०० चौरस मैलांतल्या २ हजार माणसांचा एकमेव डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी. स्मिथ त्याच्यासोबत २३ दिवस राहिले. घोड्याच्या लाथेनं जखमी झालेली लहान मुलगी, तिच्या कपाळाला टाके घालणारा डॉक्टर, आणि रात्री उशिरा शस्त्रक्रियेनंतर स्वयंपाकघरात कॉफीचा कप हातात घेऊन टेकून उभा असलेला तोच थकलेला माणूस. एका मालेसाठी छायाचित्रकाराला तीन आठवडे मोकळं सोडणं, हजारो मैल प्रवासाचा खर्च करणं आणि आलेल्या ढिगातून मोजकी चित्रं निवडून त्यांना पानंच्या पानं देणं, हे छोट्या नियतकालिकाला परवडत नाही. वाचकाच्या १०-२० सेंटांत हे येत नव्हतं. जाहिरातदाराच्या पैशातून येत होतं. ही त्या व्यवस्थेची खरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

भारताशी ‘लाइफ’चं नातं याच पैशातून जुळलं. चरख्याशेजारी बसून कात्रणं वाचणाऱ्या गांधीजींचं जे छायाचित्र आपल्या सगळ्यांच्या नजरेत बसलं आहे, ते १९४६ साली बर्क-व्हाइट यांनी ‘लाइफ’साठी टिपलं. फाळणीच्या वेळी पंजाबातून निघालेले निर्वासितांचे लोंढे त्यांनी टिपले. ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या काही तास आधी, त्या गांधीजींना भेटल्या होत्या. अमेरिकेतल्या एखाद्या खेडेगावातल्या घरात आठवड्याच्या टपालातून हे सगळं येऊन पडत होतं.

१ सप्टेंबर १९५२ च्या अंकात अर्नेस्ट हेमिंग्वे यांची एक अख्खी नवी कादंबरिका छापली गेली. दोन दिवसांत त्या अंकाच्या ५० लाखांहून अधिक प्रती गेल्या. पुस्तकाच्या दुकानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसांच्या हातात ती अशी पडली.

एका घरातला अंक शेजारी जाई, दवाखान्याच्या बाकावर, न्हाव्याच्या दुकानात फिरत राही. एका प्रतीमागे वाचक किती हे मोजण्याची पाहणी ‘लाइफ’नं १९३८ मध्येच करवून घेतली होती, अर्थात जाहिरातदारांना दाखवण्यासाठी. त्या मोजणीतही एक गोष्ट खरी होती: एकाच आठवड्यात देशातला मोठा भाग तीच चित्रं पाहत असे.

आकड्यांची शर्यत

१९५० साली अमेरिकेतल्या साधारण ९ टक्के घरांत टेलिव्हिजन होतं. १९६० पर्यंत ८७ टक्के घरांत ते पोचलं. ज्या जाहिरातदारांना देशातल्या प्रत्येक घरी साबण, मोटार किंवा तयार सूप पोचवायचं होतं, त्यांना आता दुसरं दार उघडलं. हलणारं चित्र, आवाज, आणि हजारी दर अनेकदा मासिकापेक्षा कमी.

यावर मोठ्या साप्ताहिकांनी काय केलं? आपलं वेगळेपण काय हे शोधण्याऐवजी ती टेलिव्हिजनशी त्याच्याच मापात झगडू लागली. तुमच्याकडे कोट्यवधी प्रेक्षक, तर आमच्याकडेही तितके वाचक. मग खप वाढवायचा. कसा? सवलती देऊन, दारोदार फिरणारे विक्रेते लावून, हप्त्यांवर वर्गण्या विकून. अशा वर्गणीतला मोठा हिस्सा विकणाऱ्या एजन्सीच्या खिशात जातो हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. प्रकाशकाला त्या वेळी वर्गणीचे पैसे नको असतात, पत्ता हवा असतो.

मला इथे या प्रकरणाचा गाभा दिसतो. सवलतीत पकडून आणलेला वर्गणीदार आणि स्टॉलवर थांबून अंक उचलणारा वाचक, दोघांची नोंद खपाच्या आकड्यात एक अशीच होते. पण पहिल्यानं अंक मागितलेला नसतो. वर्षानंतर त्याच्याकडे नूतनीकरणाची पत्रं पाठवावी लागतात, एकामागून एक, आणि त्यांचाही खर्च येतो. तो गळाला की हमी राखायला त्याच्या जागी दुसरा आणावा लागतो. चाकावर धावणाऱ्यासारखी ही धाव आहे, जागा न सोडता दमवणारी.

‘कोलिअर्स’ १९५७ च्या सुरुवातीला गेलं, तेव्हा त्याच्या ४० लाखांच्या आसपास प्रती जात होत्या. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’नं १९६८ मध्ये आणखी वेगळं पाऊल उचललं. त्याचे ६८ लाख वर्गणीदार होते. मालक कर्टिस कंपनीनं ठरवलं, की जाहिरातदारांना हवे असलेले, संपन्न शहरी भागातले ३० लाख ठेवायचे आणि उरलेल्यांना निरोप द्यायचा. वर्षानुवर्षं निष्ठेनं अंक घेणाऱ्या, गावाकडे राहणाऱ्या माणसांना त्यांचं स्वतःचं नियतकालिक सांगत होतं, की तुम्ही आम्हाला नकोत. ही यादी करताना कोण मन लावून वाचतं हे कुणी पाहिलं नाही, कोण कुठे राहतं हे पाहिलं. ८ फेब्रुवारी १९६९ च्या अंकानंतर ‘पोस्ट’ बंद पडलं.

आणि निरोप दिलेले ते वर्गणीदार? त्यांतले कितीतरी ‘लाइफ’नं व्यवहार करून आपल्याकडे घेतले. १९६९ मध्ये ‘लाइफ’चा खप ८५ लाखांवर पोचला. त्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा. प्रतिस्पर्ध्याच्या पायाखालची जमीन ज्या ओझ्यानं खचली, तेच ओझं ‘लाइफ’नं मोल देऊन उचललं होतं. १९३६ मध्ये जादा वाचक आपणहून आले होते. या वेळी ते विकत आणले होते.

२१७ चेहरे

या काळात संपादकीय काम ढिलं पडलं म्हणून साप्ताहिक बुडालं, असंही कधी कधी म्हटलं जातं. त्याला उत्तर म्हणून २७ जून १९६९ चा अंक पुढे ठेवावा.

व्हिएतनाममध्ये २८ मे ते ३ जून या एका आठवड्यात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या २४२ होती. दर आठवड्याला सरकार आकडा जाहीर करी, वर्तमानपत्रं तो छापत, आणि लोक पान उलटत. ‘लाइफ’नं त्या आठवड्यातल्या मृतांच्या घरच्यांकडून फोटो मिळवले. २१७ मिळाले. शाळेतले, भरतीच्या वेळचे, कुणी हसणारे, बरेचसे विशीतले. त्यांची नावं, वयं, गावं यांसह ते ओळीनं छापले. मजकूर अगदी थोडा, मतप्रदर्शन जवळजवळ नाही. पानामागून पान नुसते चेहरे.

टेलिव्हिजन हे करू शकत नव्हतं. पडद्यावर चेहरा क्षणभर येतो आणि जातो. कागदावर तो थांबतो, त्यावर बोट ठेवता येतं, अंक मिटून पुन्हा उघडता येतो, आपल्या गावचा कुणी आहे का ते शोधता येतं. त्याच वर्षी ५ डिसेंबरच्या अंकात व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या हत्याकांडाची रोनाल्ड हेबर्ले यांची रंगीत छायाचित्रं आली. हे काम म्हाताऱ्या झालेल्या साप्ताहिकाचं वाटत नाही.

पण यातला कोणताही अंक हजारी दर सुधारत नव्हता. वाचकाला एखादा अंक मोलाचा वाटला तरी ते मोल व्यवस्थापनापर्यंत पैशाच्या रूपानं पोचण्याची वाटच उरली नव्हती, कारण वाचकानं वर्गणी आधीच भरलेली होती, आणि तीही खर्चापेक्षा कितीतरी कमी. उलट अशी पानं साबणाच्या किंवा शीतपेयाच्या जाहिरातीला शेजार म्हणून नकोशी वाटत असतील तर नवल नाही.

वाचक कमी करायचे

१९७० मध्ये ‘लाइफ’च्या व्यवस्थापनानं जाहीर केलं, की १९७१ च्या जानेवारीपासून हमीचा खप ८५ लाखांवरून ७० लाखांवर आणणार. पुढच्या वर्षी, १९७२ च्या जानेवारीत, तो ५५ लाखांवर आणला. दोन वर्षांत ३० लाख प्रती कमी.

धंद्याबाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण तीन खिशांचा हिशेब पाहिला तर दुसरी वाट फारशी नव्हती. प्रत्येक प्रतीवर तोटा होत असेल आणि त्या प्रतींच्या जोरावर जाहिराती येत नसतील, तर प्रती कमी केल्यानं तोटा कमी होतो. हे करायला वर्गणीदारांना हाकलावं लागत नाही. सवलतीच्या योजना थांबवायच्या, मुदत संपलेल्यांच्या मागे लागायचं नाही, की आकडा आपोआप उतरतो. पण खप उतरला की पानाचा दरही उतरतो. कार्यालय, छायाचित्रकार, वार्ताहरांची जगभर पसरलेली ठाणी, छपाईची तयारी हे खर्च मात्र प्रतींच्या प्रमाणात खाली येत नाहीत. ‘लुक’ हे त्याच्यासारखंच मोठं सचित्र पाक्षिक १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडलं. २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत टेलिव्हिजन आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, आणि तो पैसा काही प्रमाणात मासिकांकडे वळला. तरीही ‘लाइफ’ला तो पुरला नाही.

या काळातला एक आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. ‘लाइफ’च्या एकूण खपापैकी साधारण ९६ टक्के प्रती टपालानं जात होत्या, स्टॉलवर फक्त ४ टक्के. म्हणजे ५५ लाखांतल्या जेमतेम सव्वादोन लाख प्रती अशा होत्या, ज्या त्या आठवड्याचं मुखपृष्ठ पाहून कुणीतरी थांबून, पूर्ण किंमत मोजून घेतल्या होत्या. ज्या साप्ताहिकाचा पहिला अंक स्टॉलवर उरत नव्हता, त्याची ही अखेर.

आणि ९६ टक्के टपालावर अवलंबून असताना तिसरा खिसा बंद होऊ लागला. १९७० च्या कायद्यानं अमेरिकेच्या टपालखात्याची पुनर्रचना झाली. १ जुलै १९७१ पासून ते स्वतंत्र सेवा म्हणून काम करू लागलं आणि आपला खर्च आपण भागवावा अशी त्याच्याकडून अपेक्षा ठेवली गेली. नियतकालिकांचे दर पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं दुपटीहून अधिक होणार हे स्पष्ट झालं. टपालाचा खर्च वजनावर ठरतो, आणि जाहिरातीच्या पानांना १९१७ पासून अंतराप्रमाणे वेगळा, चढा दर लागत होता. मोठ्या आकाराचं, जाड चकचकीत कागदाचं, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारं ‘लाइफ’ या वाढीपुढे सर्वांत उघडं होतं. जे अंगभूत सौंदर्य होतं, तेच वजन ठरलं.

वर्गणी आगाऊ घेतलेली असते, त्यामुळे दर वाढले म्हणून त्याच वर्गणीदाराकडून लगेच जादा काही घेता येत नाही. ती रक्कम प्रकाशकाच्या हिशेबात कमाई म्हणून येत नाही, देणं म्हणून येते. जेवढे अंक पोचायचे बाकी, तेवढं कर्ज. ५० लाखांहून अधिक वर्गण्या म्हणजे तितकीच लहान लहान कर्जं, आणि ती फेडायचा खर्च वाढत चाललेला.

दोष कुणाचा

टेलिव्हिजनचा वाटा आहेच. पण ज्या वर्षी ‘लाइफ’ गेलं, त्याच वर्षी अमेरिकेत नवी मासिकं जोमानं उगवत होती. स्त्रियांच्या प्रश्नांवरचं ‘मिस’ १९७२ मध्ये नियमित सुरू झालं. त्याच्या पहिल्या चाचणी अंकाच्या ३ लाख प्रती आठवड्याभरात संपल्या होत्या. खुद्द टाइम कंपनीनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ‘लाइफ’ बंद होण्याच्या दोन-तीन महिने आधी, घरगुती पैशांच्या व्यवहारांवरचं ‘मनी’ काढलं. सर्वांच्या घरात पोचण्याचा आग्रह सोडून ठरावीक वाचकाला हवं ते देणारी ही मासिकं टिकली. लोक वाचत नव्हते असं म्हणायला जागाच नाही.

‘रीडर्स डायजेस्ट’चं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावं. १९२२ मध्ये डेविट आणि लीला वॉलेस या दांपत्यानं काढलेल्या या मासिकाची अमेरिकन आवृत्ती १९५५ पर्यंत जाहिरातीच घेत नव्हती. लाखोंचा खप आणि सारा डोलारा वाचकाच्या पैशावर. खर्च झेपेनासा झाला तेव्हा त्यांनी वाचकांनाच विचारलं, की किंमत वाढवू की जाहिराती घेऊ? बहुसंख्यांनी जाहिरातींना संमती दिली आणि मग त्या आल्या. आकार लहान, कागद साधा, टपालाचा भार कमी. जाहिरात आल्यावरही मासिकाचा मुख्य आधार वाचकच राहिला, कारण ते उभंच तसं राहिलं होतं.

‘लाइफ’ला असं करता आलं असतं का? १९७१ मध्ये नाही, असं मला वाटतं. वीस वर्षं सवलतीची सवय लावलेल्या ७० लाख घरांकडे एकाएकी दुप्पट वर्गणी मागितली असती, तर निम्म्यांनी तरी पाठ फिरवली असती. पण १९५० च्या आसपास, जेव्हा लोक अंकासाठी वाट पाहत होते, तेव्हा किंमत खर्चाच्या जवळ नेता आली असती. त्यानं खप कमी राहिला असता, कदाचित ३० लाखांवर अडला असता. जाहिरातदारांसमोर मिरवायला ८५ लाखांचा आकडा मिळाला नसता. पण १९६९ चा तो मृत सैनिकांच्या चेहऱ्यांचा अंक काढणाऱ्या संपादकांना आपल्या वाचकांच्या भरवशावर उभं राहता आलं असतं.

टाइम कंपनी हे शिकली, आणि लवकर शिकली. ४ मार्च १९७४ च्या तारखेनं तिनं ‘पीपल’ हे नवं साप्ताहिक काढलं. पहिले संपादक रिचर्ड स्टॉली मूळचे ‘लाइफ’चे. केनेडींच्या हत्येचं झाप्रुडर यांनी टिपलेलं चलचित्र १९६३ मध्ये ‘लाइफ’साठी मिळवणारे तेच. ‘पीपल’चा आकार लहान होता, आतली छायाचित्रं काळी-पांढरी. किंमत ३५ सेंट. सुरुवातीला सवलतीच्या वर्गण्या नव्हत्या, पोस्टमन नव्हता. अंक किराणा बाजारात पैसे भरण्याच्या खिडकीपाशी आणि स्टॉलवर ठेवला जाई, आणि मुखपृष्ठ पाहून ज्याला वाटेल तो आपली ३५ सेंटांची नाणी मोजून घेई. कोणत्या आठवड्यात कोणता चेहरा विकला गेला हे स्टॉली यांना लगेच कळत होतं. दीडेक वर्षात ‘पीपल’ नफ्यात आलं.

‘लाइफ’ हे नावही परत आलं, १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये, मासिक म्हणून. किंमत या वेळी दीड डॉलर होती.